पॉलिसी कपाटात, पोटॅशियम ट्रॉलीवर

आपल्या बैठकांतून व्यावसायिक दायित्व विम्याची चर्चा वारंवार होते. हप्ता किती, संरक्षण किती रकमेचे, वकील कोण देणार, यावर आपण तासन्‌तास बोलतो. ही चर्चा अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून विमा ही आपल्या व्यवसायाची गरज झाली आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातून तरी सुटका होईल, अशी काही सहकाऱ्यांना आशा होती. २०२२ साली तीही मावळली. माझा आक्षेप वेगळाच आहे. पॉलिसी कपाटात ठेवली की सुरक्षिततेचा विषय संपला, ही समजूत आपल्या लहान रुग्णालयांत रुजत चालली आहे.

बालरोगतज्ज्ञांनी तरी दिल्लीचे स्प्रिंग मेडोज प्रकरण मुळातून वाचावे. डिसेंबर १९९३ मध्ये टायफॉइडसाठी दाखल झालेल्या बालकाला क्लोरॅम्फेनिकॉल द्यावयाचे होते. परिचारिकेने वडिलांकरवी लॅरियागो, म्हणजे क्लोरोक्वीन, मागविले व ते शिरेतून दिले. मूल जागीच कोसळले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या परिचारिकेची कोणत्याही राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंद नव्हती. बालकासाठी साडेबारा लाख व मातापित्यांच्या मनस्तापासाठी पाच लाख रुपयांची भरपाई १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. रक्कम कोणीही भरली असली, तरी मूल पूर्ववत झाले नाही.

आता आपल्याकडे पाहू. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद येथील किती रुग्णालयांत रात्रपाळीस नोंदणीकृत परिचारिका असते? बारावी झालेली एखादी मुलगी चार महिने ताईंच्या हाताखाली वावरते आणि पाचव्या महिन्यात ‘सिस्टर’ होते. मुली प्रामाणिक असतात, कष्टाळू असतात, कित्येकींचा हात आपल्यापेक्षा हलका असतो. परंतु दावा उभा राहिल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न त्यांच्या पात्रतेचाच विचारणार. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलिलिटरची कुपी आणि शुद्ध पाण्याची कुपी एकाच ट्रॉलीवर, एकाच खणात ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. कुलुपाच्या वेगळ्या पेटीला जो खर्च येतो, तो विम्याच्या एका हप्त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

सीमाभागात आणखी एक धोका आहे, ज्याचा उल्लेख कोणत्याही पॉलिसीत सापडणार नाही. तो म्हणजे भाषेचा. डॉक्टर मराठी, परिचारिका कन्नड, आई दखनी किंवा लमाणी बोलणारी, आणि संमतिपत्र इंग्रजीत! पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते; पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. ‘एक चमचा द्या’ एवढेच सांगितले आणि घरी थेंबांची बाटली असली, तर दहा किलोच्या बाळाला १५० च्या जागी ५०० मिलिग्रॅम जाते. म्हणून पिचकारीवर खूण करून आईच्या हाती द्यावी व मात्रा तिच्याच तोंडून परत ऐकावी. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली न्यायालयाने संमती खरी व पुरेशा माहितीवर आधारलेली असावी असे सांगितले. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर उठविलेला अंगठा या कसोटीस कसा उतरेल?

कायद्याचा नकाशाही बदलला आहे. पूर्वी उदगीर-देगलूरच्या पालकांना बीदरच्या डॉक्टरविरुद्ध सामान्यतः बीदरलाच यावे लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली. अर्थात लातूर किंवा नांदेड. शिवाय आता जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या शुल्कावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. तेव्हा कोटीचा दावाही जिल्ह्यातच चालू शकतो. पालकांच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, असे माझे मत आहे. आपणही मुलांना घेऊन सोलापूर-हैदराबादला जातोच की.

विम्याच्या अटींपैकी एक तरी प्रत्येकाने नीट वाचावी. या पॉलिसी बहुधा दावा ज्या काळात दाखल होतो, त्या काळाच्या असतात. उपचार केले तेव्हा विमा होता, मध्ये हप्ता चुकला आणि नंतर नोटीस आली, तर संरक्षण मिळेलच असे नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत मुदतीचा हिशेब लांबू शकतो. म्हणून निवृत्त होताना विमा बंद करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी दोनदा विचार करावा, आणि कागदपत्रे तीन वर्षांच्या किमान मुदतीत रद्दीला घालू नयेत. डॉक्टरांचा विमा, रुग्णालयाचा विमा आणि कर्मचाऱ्यांच्या इजेचा विमा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. सुई टोचलेल्या आयाबाईंना आपली पॉलिसी काहीच देत नाही. त्यांना हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तीन डोस देणे मात्र आपल्या हाती आहे.

आगीविषयी थोडेच लिहितो, कारण लिहिताना हात जड होतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात दहा अर्भके गेली. २५ मे २०२४ च्या रात्री दिल्लीच्या विवेक विहारमधील खासगी बालरुग्णालय जळाले. त्याच्या परवान्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली होती. आपल्या नवजात कक्षांत वॉर्मर, वातानुकूलन व प्राणवायू अहोरात्र चालू असतात, आणि वायरिंग बहुतेक ठिकाणी घर बांधले तेव्हाचे!

संघटनेपुढे माझी मागणी साधी आहे. मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषांतील संमतिपत्रांचा नमुना आपण वर्षभरात तयार करावा, आणि विमा प्रतिनिधीच्या पुढच्या व्याख्यानाच्या दिवशीच एका विद्युत अभियंत्यालाही बोलवावे. त्यांचा भोजनखर्च मी देईन.