अहवालातली उचलेगिरी ही 'तांत्रिक चूक' नव्हे



नामवंतांच्या वाङ्मयचौर्याचे प्रकरण उजेडात आले की मूळ लेखकावर किती अन्याय झाला आणि उचलणाऱ्याची अब्रू किती गेली, एवढ्याचीच चर्चा होते. त्या लिखाणावर विसंबून ज्यांच्या आयुष्याचे निर्णय घेतले जातात, त्या सामान्य लोकांचे नुकसान मात्र कोणी मोजत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला हे चटकन उमगेल. या सीमावादासाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरकडे (म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे), अशी त्याची शिफारस होती. येळ्ळूरसारख्या गावांनी तो अहवाल कधीच मान्य केला नाही, आणि बॅ. अंतुले यांनी तर त्याची चिरफाड करणारे पुस्तकच लिहिले. हा वाद घालता आला, कारण त्या पानांवरचा तर्क कोणाचा हे सर्वांना ठाऊक होते. आयोगाच्या वा समितीच्या अहवालात दुसऱ्याचे लिखाण नाव न देता घुसले, तर जनतेचा हा वाद घालण्याचा हक्कच हिरावला जातो. म्हणून सार्वजनिक अहवालातले वाङ्मयचौर्य हा विद्यापीठातल्या चोरीपेक्षा गंभीर गुन्हा मानला पाहिजे.

याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील पेटंट समितीचा अहवाल. २००५ मध्ये पेटंट कायदा बदलल्यावर केंद्र सरकारने पाच तज्ज्ञांची ही समिती नेमली. औषधाचे पेटंट फक्त पूर्णपणे नव्या रेणूलाच द्यावे, असे बंधन घातले तर ते जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराला धरून होईल का, हा तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. असे बंधन कराराशी सुसंगत ठरणार नाही, असा अहवाल समितीने डिसेंबर २००६ मध्ये दिला. जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून पुन्हा पेटंट मिळवण्याचा मार्ग किती मोकळा राहणार आणि पर्यायाने गरीब रुग्णाला औषध किती रुपयांना पडणार, हे अशा उत्तरावर अवलंबून असते. नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाबाबतचा खटला त्याच सुमारास मद्रास उच्च न्यायालयात चालू होता. फेब्रुवारी २००७ मध्ये उघड झाले, की अहवालातला कळीचा मजकूर शमनाद बशीर या अभ्यासकाच्या निबंधातून जवळजवळ शब्दशः घेतलेला आहे. हा निबंध लंडनच्या एका संस्थेसाठी लिहिलेला होता आणि त्याला पैसा पुरवला होता इंटरपॅट या बड्या औषध कंपन्यांच्या संघटनेने. काही 'तांत्रिक' त्रुटी राहून गेल्याचे सांगत डॉ. माशेलकरांनी अहवाल मागे घेतला. सुधारित अहवाल मार्च २००९ मध्ये सादर झाला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की सुधारित अहवालातही निष्कर्ष तोच राहिला. मग बिघडले काय? निष्कर्ष बरोबर असू शकतो, हे मला मान्य आहे. बशीर यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचेही कारण नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात ग्लिव्हेकच्याच खटल्यात ते कोणत्याही कंपनीचे वकील म्हणून नव्हे, तर स्वतंत्र अभ्यासक म्हणून उभे राहिले होते. पण देशाने पाच तज्ज्ञांना विचार करायला बसवले होते, कोणाचा तरी तयार विचार स्वतःच्या सहीने पुढे पाठवायला नव्हे. त्या परिच्छेदाखाली बशीर यांचे नाव असते, तर वाचणाऱ्या खासदाराने साहजिकच विचारले असते, की हा अभ्यास कोणाच्या पैशातून झाला? नाव गाळल्याने तो प्रश्नच पुसला गेला. या प्रकरणातला खरा अपराध मला इथे दिसतो, आणि निष्कर्ष बरोबर ठरल्याने तो तसूभरही कमी होत नाही.

दुसरा बचाव नेहमीचाच : मसुदा हाताखालच्यांनी केला, अध्यक्ष ओळ न् ओळ कशी तपासणार? अहवालाला वजन येते ते सहीमुळे. श्रेय सही करणाऱ्याकडे जात असेल, तर दोषही त्याच्याकडेच जायला हवा. राहिला डॉ. माशेलकरांच्या कर्तृत्वाचा मुद्दा. गोव्यातल्या माशेलच्या गरीब घरातून आलेल्या या शास्त्रज्ञाने वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे नेतृत्व अकरा वर्षे केले. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेण्याची लढाई त्याच काळातली. त्याबद्दल मराठी माणसाला वाटणारा अभिमान रास्त आहे, मलाही तो वाटतो. पण आपल्या परंपरागत ज्ञानावर दुसऱ्याने मालकी सांगू नये म्हणून जो देश झगडला, त्यानेच दुसऱ्याच्या लेखनाबाबत ढिलाई दाखवावी, हे मनाला डाचते. थोर माणसाच्या बाबतीत नियम सैल केला, की लहानांना तो सांगण्याचे तोंड उरत नाही.

इतर देशांत काय घडले ते पाहावे. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातली उचलेगिरी उघड झाल्यावर बायरॉइट विद्यापीठाने त्यांची डॉक्टरेट काढून घेतली, हजारो संशोधकांनी चान्सेलर मर्केल यांना खुले पत्र लिहिले आणि १ मार्च २०११ रोजी गुटेनबर्ग यांना पद सोडावे लागले. हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट २०१२ मध्ये अशाच कारणाने पायउतार झाले. अशा आरोपांमागे बहुतेकदा राजकीय वैर असते, असे म्हणतात. असेलही. हार्वर्डच्या अध्यक्षा क्लॉडीन गे यांनी जानेवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला, तेव्हा त्यांचे लेखन उकरून काढण्यात विरोधकांचा हात होताच. परंतु शेजारी शेजारी ठेवलेली दोन पाने सारखी आहेत की नाहीत, हे शोधणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही. हे काम वैऱ्यांवर सोपवायचे नसेल, तर ते आधीच नियमाने व्हायला हवे.

आपल्याकडे असा नियम आहे, पण तो विद्यापीठाच्या कुंपणापाशी थांबतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांवर गेले की विद्यार्थ्याला तो दुरुस्त करावा लागतो, ४० टक्क्यांवर गेले की वर्षभर नवा प्रबंध देता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. सरकारी समित्यांना हे नियम लागू नाहीत. केंद्राने आणि कर्नाटक-महाराष्ट्रासह सर्व राज्यांनी प्रत्येक समितीच्या अहवालाची प्रसिद्धीपूर्वी साम्याची अशी तपासणी सक्तीची करावी; मसुदा कोणी लिहिला, आधार कोणते घेतले आणि त्या अभ्यासांना पैसा कोणी दिला, हे अहवालातच छापावे. बेळगाव आणि चिक्कोडीच्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी, अशी माझी त्यांना या पत्राद्वारे विनंती आहे.

— एक वाचक, येळ्ळूर (ता. जि. बेळगाव)