आधी बोट, मग पाणी!

आमच्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी फार काळ टिकत नाहीत. एक म्हणजे मेसच्या भाजीबद्दलचं चांगलं मत आणि दुसरी म्हणजे कुंडीतली झाडं! नवी बॅच येते तेव्हा कुणी घरून तुळस आणतं, कुणी मनीप्लांट, कुणी नर्सरीतून फुललेला गुलाब. दिवाळीपर्यंत अर्ध्या कुंड्यांत नुसती माती उरते आणि उरलेल्यांचा निकाल मे महिन्यात लागतो. निकाल काय? 'ऑल क्लिअर'! म्हणजे गॅलरी पूर्ण क्लिअर.

मी थर्ड इयरला आहे आणि आमच्या विंगच्या कुंड्या गेली दोन वर्षं माझ्याकडे आहेत. त्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा कुणीतरी दार वाजवतं, "अगं, माझा मनीप्लांट पिवळा पडलाय, काय करू?" नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून टाकावीत म्हणून हा लेख. आणि शेवटी एक मागणीही आहे, ती मात्र ऑफिसपर्यंत पोचावी ही इच्छा.

पहिला प्रश्न, सगळ्यात जास्त विचारला जाणारा: "रोज पाणी घालते, तरी झाड का मरतंय?"

अगं, रोज घालतेस म्हणूनच! मुळांनाही ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. तिथे सतत पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला तहान लागली, आणि आपण अजून एक मग ओततो. झालं, खेळ खलास!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'फोटोसिंथेसिस'ची व्याख्या झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवीन. पण 'वाफसा' हा शब्द मला हॉस्टेलच्या माळीकाकांनी शिकवला. मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती म्हणजे वाफसा. काका म्हणाले, "पोरी, आधी बोट घाल, मग पाणी घाल." आता हेच कंट्रोल सिस्टीम्सच्या भाषेत सांगते. रोज सकाळी आठ वाजता एक मग पाणी, ही झाली 'ओपन लूप' सिस्टीम. पाऊस पडो, ढग येवोत, इनपुट तेवढंच. बोट घातलं की 'फीडबॅक' आला आणि लूप 'क्लोज' झाला. दोन पेरं बोट मातीत खुपसा. गार लागलं, माती बोटाला चिकटली, तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. भोक नसलेली रंगीत कुंडी कितीही सुंदर असली तरी झाडासाठी ती बादलीच.

दुसरं म्हणजे, मैदानातली काळी माती नुसतीच कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट, एवढं मिश्रण बहुतेक झाडांना चालतं.

"तुळस वाळली, काही वाईट तर होणार नाही ना?" हा प्रश्न फायनल परीक्षेच्या आधी हमखास येतो! नाही गं बाई. तुळशीला रोज निदान चार-पाच तास ऊन लागतं. उत्तरेकडच्या गॅलरीत ती रोडावणारच. मंजिऱ्या वेळेवर खुडा, नाहीतर झाड बी धरण्यात शक्ती घालवतं आणि पालवी थांबते. शिवाय तुळस काही वडाचं झाड नव्हे, काही वर्षांनी ती संपतेच. वाळलेल्या मंजिऱ्या मातीत चुरडा, पुढच्या पावसात नवी रोपं येतील.

"मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो, खरंय का?" चोरून आणा, मागून आणा, विकत आणा... फांदीवर पेर हवं. पानाच्या देठाजवळ जिथे गाठ दिसते आणि हवेतल्या मुळाचा तपकिरी कोंब असतो, तिथूनच मुळं आणि नवा वेल फुटतो. नुसतं पान तोडून बाटलीत ठेवलं तर वेल मिळणार नाही, चोरी वाया!

"खोलीत झाड ठेवलं की हवा शुद्ध होते ना?" १९८९ साली 'नासा'ने बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले, तेव्हापासून ही गोष्ट फिरतेय. पण आपली खोली बंद पेटी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. नेहमीच्या वायुवीजनाने जेवढी हवा साफ होते तेवढी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशोब निघाला. बारा चौरस मीटरच्या खोलीत कमीत कमी १२० कुंड्या! तेव्हा खिडकी उघडा. आणि रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं म्हणून घाबरणाऱ्यांनो, त्यापेक्षा कितीतरी जास्त तुमची रूममेट सोडते. तिला काढता का बाहेर?

"चहाचा चोथा घालू का?" घाला, पण आधी धुवा. आपल्या चोथ्यात दूध-साखर असते, तिला मुंग्या येतात. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो ना, तो पिठ्या ढेकूण. तो गोड चिकट रस सोडतो आणि त्या रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. म्हणजे चोथ्याने आपण त्याला फुकट वॉचमन पुरवतो! लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब, हे मिश्रण संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा.

आता शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर माझ्या एकटीकडे नाही: "सुट्टीत झाडांचं काय?"

आठवडाभरासाठी सोपं आहे. सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र ठेवा, शेजारी भरलेली बादली थोडी उंचावर ठेवा आणि सुती कापडाची जाड वात एक टोक पाण्यात, दुसरं मातीत अशी घाला. 'कॅपिलरी ॲक्शन' बाकीचं बघून घेते. पण उन्हाळ्याच्या लांब सुट्टीला बादली पुरत नाही. तिथे माणूसच लागतो.

आणि हेच मला कॅम्पसवरच्या झाडांबद्दल म्हणायचंय. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै आला की देशभर खड्डे खणले जातात. आपल्या राज्याने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपं लावायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आपणही दरवर्षी लावतो. बॅनर, फोटो, वडापाव, सगळं होतं. पण किती लावली हे आपण मोजतो, किती जगली हे मोजत नाही. लॅबमध्ये रीडिंग न घेता जर्नल लिहिलं तर सर सही करतील का?

म्हणून मागणी अशी. दरवर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनी, आदल्या वर्षीच्या रोपांपैकी किती जिवंत आहेत ते मोजून नोटीस बोर्डावर लावा. नवीन रोपं तेवढीच लावा जेवढ्यांना मे महिन्यात पाणी मिळेल, मग ती दहाच का असेनात. प्रत्येक रोपाला एक रूम नंबर द्या. रोपाशेजारी न भाजलेलं नव्हे, भाजलेलं पण बिनझिलईचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि भरून वर झाकण ठेवा. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढ कमी होते. सेन्सर नाही, वीज नाही, आणि तरीही क्लोज्ड लूप! मेसमध्ये भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी गटारात जातं, ते यासाठी पुरेल. आणि सुट्टीपुरत्या आमच्या कुंड्या स्टाफ क्वार्टर्समधल्या काकूंनी सांभाळल्या तर? जुलैत आम्ही परत घेऊन जाऊ, तुळशीची दोन रोपं त्यांच्याकडे ठेवून.

"चार वर्षांसाठी आलोय, कशाला एवढी उठाठेव?" असं काही जण म्हणतात. पण लायब्ररीसमोरच्या ज्या कडुनिंबाखाली बसून आपण व्हायवाची तयारी करतो, त्यालाही पहिले दोन-तीन उन्हाळे कुणीतरी पाणी घातलं असेलच की. बघा, पटतंय का!