निदानानंतरची सोबत

बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये एखादा असा नोकरदार असतो, ज्याला डब्यातील गर्दीपेक्षा तिथल्या गप्पांचे भय अधिक वाटते. त्याचा डबा ठरलेला, उभे राहण्याची जागाही ठरलेली. कार्यालयातील त्याचे काम चोख असते, हिशेबात चूक सापडत नाही. परंतु चहाच्या वेळी चार माणसांत काय बोलावे, हे त्याला उमगत नाही. सहकारी त्याला शिष्ट म्हणतात, नातेवाईक माणूसघाणा ठरवतात. मग कधीतरी त्याच्या लहानग्याला स्वमग्नता असल्याचे निदान होते. डॉक्टर वडिलांच्या बालपणाविषयी चौकशी करतात आणि वयाच्या चाळिशीत त्याला कळते, की जे मुलाचे आहे तेच आपलेही आहे. हा गृहस्थ काल्पनिक असला, तरी प्रौढपणी निदान झालेल्या अनेकांची वाट अशीच मुलांच्या निदानातून गेलेली आहे.

इतकी वर्षे हे कळले कसे नाही, असा प्रश्न घरच्यांना पडतो. त्याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली, तर हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले. अ‍ॅस्पर्गर यांचे लेखन जर्मन भाषेत होते. लॉर्ना विंग यांनी १९८१ साली त्याकडे लक्ष वेधेपर्यंत इंग्रजी वैद्यकविश्वाला त्याचा फारसा परिचय नव्हता. ज्यांची बोली शाबूत आणि बुद्धी तल्लख, त्यांच्यासाठीचे निदान अमेरिकी वर्गीकरणात १९९४ साली आले आणि २०१३ साली ते स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात विलीन झाले. साहजिकच १९८०च्या दशकात शाळेत गेलेल्या मुलाला शिक्षकांनी हट्टी म्हटले, घरच्यांनी अबोल म्हटले. योग्य शब्द कोणाजवळच नव्हता. मुलींच्या बाबतीत तर इतरांचे पाहून वागण्याची सवय इतकी अंगवळणी पडते, की निदान आणखी लांबते. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. माणसे तेव्हाही होती, नाव नव्हते.

नाव मिळाल्यानंतर काय, हा खरा प्रश्न आहे. बालकाचे निदान झाले तर त्याच्यासाठी उपचारपद्धती आहेत, विशेष शाळा आहेत, पालकांचे गट आहेत. प्रौढाच्या हाती मात्र एक अहवाल पडतो आणि तो घेऊन तो शिरगावातील आपल्या घरी परततो. सुटकेचा निःश्वास, गेलेल्या वर्षांबद्दलचा संताप आणि ‘आता कोणाला सांगू?’ ही धास्ती, हे सारे त्याच्या मनात एकाच वेळी दाटते. या अवस्थेकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. केंब्रिज येथील एका चिकित्सालयात प्रौढपणी अ‍ॅस्पर्गर निदान झालेल्या ३७४ व्यक्तींचा अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६६ टक्के व्यक्तींच्या मनात आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. अभ्यास परदेशातील असला, तरी वर्षानुवर्षांच्या एकाकीपणाचा भार कोणत्याही देशात सारखाच जड असतो.

अनुभवाचा अधिकार

अशा वेळी सर्वांत मोलाची ठरते ती त्याच वाटेने आधी गेलेल्या माणसाची सोबत. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सुरुवात एका मद्यपीडिताने दुसऱ्याला हात देण्यातूनच झाली. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. नव्या रुग्णाला डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जे पटत नाही, ते अशा माणसाच्या एका वाक्याने पटते.

मात्र ही तुलना एका मर्यादेपर्यंतच योग्य आहे. व्यसन सुटते, सोडावयाचे असते. स्वमग्नता ही जन्मजात जडणघडण आहे. तीतून ‘मुक्त’ व्हावयाचे नसते, तिच्यासह जगणे शिकावयाचे असते. म्हणूनच इथे सोबत्याने ‘मी बरा झालो, तूही होशील’ असे सांगावयाचे नाही. ‘मलाही असेच होते आणि मी असे निभावतो’ एवढेच सांगावयाचे आहे. अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली स्वमग्न व्यक्तींनी स्वतः चालविलेली ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ ही संस्था उभी केली, ती याच जाणिवेतून.

ज्यांना संवादच जड जातो ते दुसऱ्याला आधार काय देणार, अशी शंका कोणी घेईल. ‘स्वमग्न’ या मराठी शब्दानेच हा गैरसमज वाढविला आहे; जणू या माणसांना इतरांशी कर्तव्यच नसते! स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले, की समजुतीतील दरी ही दोन्ही बाजूंची असते. एडिंबरा येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वमग्न व्यक्तींनी एकमेकांना सांगितलेली माहिती इतरांच्या गटाइतकीच नीट पोचली. ती अडखळली ती मिश्र गटात. तात्पर्य, ज्याला बाजारात बोलता येत नाही, त्याला आपल्यासारख्याशी बोलता येते.

मदतीची मर्यादा

या कामात नुसता उत्साह पुरत नाही. सोबत्याने निदान करू नये, औषधांविषयी सल्ला देऊ नये, आपला अनुभव हाच नियम मानू नये. ऐकलेली गोष्ट चारचौघांत जाऊ देऊ नये. कार्यालयात सांगावे की नाही, हा निर्णय समोरच्याचाच असावा. आत्महत्येचा विचार बोलून दाखविला गेला, तर मात्र एकट्याने भार न घेता तत्काळ डॉक्टरांपर्यंत पोचविणे आणि शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक देणे हे त्याचे कर्तव्य आहे. दुसऱ्याचे दुःख ऐकून सोबतीही थकतो. म्हणून भेटींची संख्या ठरलेली असावी आणि विश्रांतीत अपराधी वाटू नये.

इतरांनी काय करावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सेवाकार्याची सवय असलेल्या कार्यकर्त्याला पुढे होऊन व्यवस्था हाती घेण्याचा मोह होतो. इथे त्याने एक पाऊल मागे राहावे. एक शांत खोली मिळवून द्यावी, जिथे नळीदिवा फडफडत नाही आणि ध्वनिवर्धकाचा आवाज येत नाही. भेटीत काय होणार हे आधी लेखी कळवावे. वेळेवर सुरू करून वेळेवर संपवावे. ज्याला दूरध्वनी नकोसा वाटतो, त्याच्याशी लिहून संपर्क ठेवावा. नजरेला नजर देण्याचा आग्रह धरू नये. हार-तुरे, सत्कार, छायाचित्रे तर नकोतच.

कायद्याने आपली वाट काही प्रमाणात मोकळी केली आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. पण कायदा प्रमाणपत्र देतो. संध्याकाळी शेजारी बसून ऐकणारा माणूस देत नाही.

तो देण्याचे काम समाजाचे आहे. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. शिरगावसारख्या भागांत राहावयास आलेल्या कुटुंबांचे जुने शेजार मागे राहिले, नवे अजून जुळावयाचे आहेत. आई-पत्नीची माया घरात असतेच. परंतु मायेला सारेच उमगते असे नाही. महिन्यातून एक संध्याकाळ, एक खोली आणि स्वतःच्या अनुभवातून बोलणारी दोन माणसे एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. सायंकाळच्या लोकलने परतणाऱ्या त्या गृहस्थाला आपल्याच गावात आपली भाषा बोलणारा कोणी भेटला, तर अहवालातील अवघड शब्द त्याला शिक्षेसारखा वाटणार नाही.