थांब हं, दुसरा फोन येतोय

दर रविवारी सकाळी मी सांगलीला आईला फोन करतो. दोन-तीन मिनिटं झाली की हमखास मावशीचा फोन मध्ये येतो. आई म्हणते, ‘थांब हं, दुसरा फोन येतोय.’ मग कुठलं तरी बटण दाबलं जातं आणि आमचा फोन कट होतो. मी पुन्हा लावतो तर एंगेज. यावरून मी तिच्याशी कितीदा तरी चढ्या आवाजात बोललो आहे. आज त्याचं वाईट वाटतं. का, ते सांगण्यासाठी आधी एका सिनेमाबद्दल सांगायला हवं.

अल्बर्ट ब्रूक्स यांचा ‘मदर’ हा १९९६ सालचा अमेरिकी विनोदी सिनेमा. मोनिका जॉन्सन यांच्याबरोबर त्यांनी तो लिहिला, स्वतः दिग्दर्शित केला आणि मुलाची भूमिकाही केली. जॉन हेंडरसन हा लॉस एंजेलिसमधला चाळिशीचा लेखक. विज्ञानकथा लिहितो. दुसरा घटस्फोट नुकताच झालेला, घर जवळजवळ रिकामं. आपलं बायकांशी का जमत नाही याचा विचार करता करता त्याला वाटतं, या गाठीचं पहिलं टोक आईशी असलेल्या नात्यात असणार. मग तो सामान गाडीत टाकतो, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटोला आईच्या घरी येतो आणि आपल्या जुन्या खोलीत मुक्काम ठोकतो. गॅरेजमधून शाळेच्या वयातल्या वस्तू काढून ती खोली होती तशी लावतो.

पहिल्या जेवणाचा प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. आई फ्रीजरमधून आइस्क्रीमसारख्या सरबताचा डबा काढते. स्वस्तातला, कोण जाणे किती दिवसांचा. वर बोटभर बर्फ जमलेला. जॉन त्याकडे बघत राहतो. आई शांतपणे समजावते की हा बर्फच खालच्या सरबताला सांभाळतो. चीजचा एवढा मोठा ठोकळा, तोही फ्रीजरमध्येच. स्वस्त पडतं म्हणून एकदम आणलेला. तिच्या हिशेबात काहीही चूक नाही. काटकसरीत जन्म गेलेल्या बाईचं ते शहाणपण आहे. पण मुलगा बर्फच बघतो आणि तिला मुलाची नाखुशीच तेवढी दिसते. आपल्याकडे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात खोवलेला नारळ सापडतो, त्या फ्रीजपासून हा फ्रीज फार लांब नाही.

फोनचा प्रसंगही या सिनेमात आहे. दुसरा फोन आला की जॉनची आई, बेअट्रीसबाई, बटणं दाबत राहतात आणि फिरून जॉनच्याच कॉलवर येतात. धाकटा मुलगा आईच्या जास्त जवळचा. त्यानं तिला चेहरा दिसणारा फोन घेऊन दिला आहे, पण पडद्यावर तिचं डोकं नीट मावत नाही. पहिल्यांदा पाहताना मी पोट धरून हसलो होतो. आपल्याच घरातलं काहीतरी कॅलिफोर्नियात घडताना बघण्याची ती मजा होती.

हा सिनेमा मला मोलाचा वाटतो तो मात्र यासाठी नाही. आईवरचे विनोद सोपे असतात. सतत टोचून बोलणारी, मुलाला सुटू न देणारी आई जगभरच्या सिनेमात हुकमी हशा मिळवत आली आहे. इथली आई तशी नाही. तिला मुलानं जवळ राहावं असा हट्टही नाही. तिचं स्वतःचं आयुष्य आहे, मित्र आहे, आणि पोरगा अचानक घरी राहायला आल्यानं तीच थोडी गोंधळली आहे. डेबी रेनॉल्ड्स यांनी ती अशी काही उभी केली आहे की एकही वाक्य त्या ओरडून बोलत नाहीत. ‘सिंगिंग इन द रेन’मधली १९५२ सालची ती नाचरी, हसरी मुलगी इथे साठी ओलांडलेली बाई होऊन येते. मोठ्या पडद्यावर मध्यवर्ती भूमिकेत त्या १९७१ नंतर थेट इथेच दिसल्या. बोचरं वाक्य त्या इतक्या गोड चेहऱ्यानं उच्चारतात की आपण आधी हसतो आणि मग जॉनला काय वाटलं असेल ते कळतं.

आणि मग ती पेटी येते. कपाटात ठेवलेल्या एका पेटीत जॉनला जुने कागद सापडतात. तरुणपणी आईनं लिहिलेल्या कथा. चांगल्या कथा. लग्न, संसार, मुलं यांत ते लिहिणं बंद पडलं, आणि त्याबद्दल तिनं घरात कधी अवाक्षर काढलं नाही. आपल्या पुस्तकांचं आईला कौतुक का वाटत नाही, हे कोडं त्याला इतकी वर्षं छळत होतं. ते त्या पेटीपाशी सुटतं. जे तिच्या हातून सुटलं, नेमकं तेच करणारा मुलगा रोज डोळ्यांपुढे होता. ते सलत होतं. दोघं त्यावर बोलतात. रडारड नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही. दोन माणसांची ओळख झाल्यासारखं ते बोलणं आहे. शेवटी आई पुन्हा लिहायला बसते.

इथे मला बहिणाबाई आठवतात. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गात होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यातली काही गाणी कागदावर उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती आली. मुलानं कान दिला म्हणून ती उरली. ज्यांच्या मुलांनी कान दिला नाही, अशा किती जणी जात्यापाशीच विरून गेल्या असतील याचा विचार केला की जीव कळवळतो.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा लॅपटॉपवर आईला ‘मदर’ दाखवला. शेजारी बसून संवादांचं मराठी करून सांगत होतो. बर्फाच्या प्रसंगाला ती म्हणाली, ‘बरोबरच आहे की तिचं. खरवडलं की आत चांगलंच असतं.’ फोनच्या प्रसंगाला ती हसली नाही. पेटी आली तेव्हा मी सांगायचं थांबलो, तरी तिला सगळं कळलं. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, ‘आई, तुला काय व्हायचं होतं गं?’ पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा विचारत होतो.

‘टेलिफोन ऑपरेटर,’ ती म्हणाली. लगेच, जराही न आठवता.

लग्नाआधी तिनं कोल्हापूरला इंटरव्ह्यू दिला होता. निवडही झाली होती. ट्रेनिंगला बोलावल्याचं पत्र आलं त्याच महिन्यात लग्न ठरलं. तिच्याबरोबरची मैत्रीण रुजू झाली, आणि तिच्याकडून आईनं सगळं काम ऐकून घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर हात ठेवून तिनं मला बोर्ड दाखवला. इथे दिवा लागणार. लागला की ही पिन इथे खोचायची. विचारायचं, मग दुसरी पिन पलीकडच्या भोकात. दोघं बोलायला लागले की आपण बाजूला व्हायचं. तिची बोटं भराभर चालत होती. ‘आणि बोलायचं कसं, तर असं,’ म्हणून ती ताठ बसली आणि म्हणाली, ‘नंबर प्लीज.’

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. स्पष्ट, तरुण, आपल्या कामाचा जाणता. चार जणांचे फोन एका वेळी जोडून देण्याची जिची तयारी होती, तिच्यावर मी बटणांवरून डाफरत होतो.

आईला आपण पूर्ण ओळखतो असं आपण धरून चालतो, कारण आपल्याला कळू लागल्यापासून ती समोर आहे. पण तिचं आयुष्य आपल्या आधी वीस-पंचवीस वर्षं सुरू झालेलं असतं, आणि त्या वर्षांचा साक्षीदार घरात बहुधा कुणी उरलेला नसतो. ती वर्षं फक्त तिच्याजवळ असतात. ती असेपर्यंतच विचारता येतात.

परवाच्या रविवारी फोन पुन्हा कट झाला. मी लावला, एंगेज. मग थांबलो. पाच मिनिटांनी तिचाच आला. मी विचारलं, ‘कोल्हापूरला इंटरव्ह्यूला एकटी गेली होतीस?’

‘छे, दादा होता की बरोबर,’ ती म्हणाली. ‘पहाटेच्या एसटीनं गेलो. थांब, तुला पहिल्यापासून सांगते.’