अ‍ॅप आधी विचारेल का, संडास कुठे आहे?

गेल्या वर्षी बाबांची कोलोनोस्कोपी अर्ध्यात थांबवली. रिपोर्टवर इंग्रजीत शेरा होता: तयारी अपुरी, रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची.

सूचना काय होत्या? एक इंग्रजी कागद. आदल्या दिवशी 'लो रेसिड्यू' आहार. पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची, अर्धी संध्याकाळी घ्यायची आणि अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी. तपासणी सकाळी नऊला, म्हणजे दुसरा डोस पहाटे चारला. आमच्या वस्तीतलं सार्वजनिक शौचालय रात्री अकराला बंद होतं आणि पहाटे पाचला उघडतं. बाबांनी दुसरा डोस घेतलाच नाही. घेऊन जाणार कुठे? ज्या माणसाने पंचवीस वर्षं कंत्राटावर या शहराची गटारं उपसली, त्याने डॉक्टरांना हे कारण सांगितलं नाही. लाज वाटली म्हणाले.

मोठं आतडं स्वच्छ नसेल तर आतल्या लहान गाठी, पॉलिप्स, नजरेतून सुटतात. त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तयारीला एवढं महत्त्व. ती नीट व्हावी यासाठी आता स्मार्टफोन अ‍ॅप आली आहेत. डोसची वेळ झाली की फोन वाजतो, काय खायचं ते चित्रात दिसतं. स्पेन, चीन, जर्मनी इथल्या चाचण्यांत अशा मदतीने तयारी सुधारल्याचं दिसलं. मी ते निबंध वाचले. निष्कर्षावर माझा विश्वास आहे. पण मी आधी पाहते ती अभ्यासात कोणाला घेतलं याची ओळ (समाजशास्त्राची खोड म्हणा). तिथे अट असते: रुग्णाकडे स्मार्टफोन हवा, वापरता यायला हवा. ज्याच्याकडे तो नाही, तो मोजणीच्या आधीच बाहेर. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायचा मोबाइल, साधा का असेना, सुमारे ५४ टक्क्यांकडेच होता.

दुसऱ्या वेळी मी एक अ‍ॅप उतरवून घेतलं. आहारात टोस्ट, पास्ता, सफरचंदाचा गाळलेला रस. आमच्या घरी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी. हे सगळं चोथ्याचं, म्हणून बंद. मग खायचं काय? पांढरा भात, दही, वरणाचं गाळलेलं पाणी, बिनदुधाचा चहा. दवाखान्याच्या कागदावर पनीर होतं. अंडं, मासा यांबद्दल अवाक्षर नाही. दोन्हींत चोथा नसतो, चालतात. कागद कोणाच्या स्वयंपाकघरात लिहिला गेला ते कळलं.

अ‍ॅपमध्ये एक उपयोगी चित्रही होतं: शौच शेवटी पिवळसर पाण्यासारखी, तळ दिसेल अशी व्हायला हवी. आमच्या शौचालयात दिवाच नाही. आणि मुलीने बापाला हे विचारायचं कसं, याचं नोटिफिकेशन कोणी बनवलेलं नाही.

२०२१ मध्ये लसीच्या नोंदणीसाठी आपल्यापैकी कितीजण अख्ख्या गल्लीचे फोन घेऊन बसलो होतो, आठवा. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्ड, मामाची पेन्शन. घरातला पहिला पदवीधर हेच घराचं अ‍ॅप असतं. याचा मला अभिमान आहे आणि कंटाळाही. मी पीएचडीसाठी दुसऱ्या राज्यात राहते. मी नसते त्या दिवशी काय?

म्हणून अ‍ॅप नकोच असं मी म्हणत नाही. बनवणाऱ्यांनी पहिला प्रश्न संडासाचा विचारावा: घरात आहे की बाहेर, रात्री उघडा असतो का? बाहेर असेल तर तपासणी दुपारची द्यावी, म्हणजे दुसरा डोस उजाडल्यावर घेता येतो. नाहीतर रात्रभर वॉर्डात खाट द्यावी. सूचना रुग्णाच्या बोलीत, आवाजात, साध्या फोनवर कॉल करून द्याव्यात. आणि तारीख देताना कोणीतरी माणसाने दहा मिनिटं समोर बसून बोलावं, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारावं. सरकारी दवाखान्यात ही दहा मिनिटं मागणं हा हट्ट नाही.

दुसऱ्या खेपेला बाबांना चुलतभावाच्या एसआरए इमारतीतल्या खोलीवर नेलं. तिथे संडास घरात आहे. पहाटे चारला ग्लास मोजत मी शेजारी बसले. तपासणी पूर्ण झाली, एक गाठ निघाली, ती काढली. बाहेर बाकावर थांबले होते तेव्हा शेजारच्या मावशींनी पिशवीतून घडी घातलेला इंग्रजी कागद काढला आणि माझ्या हातात दिला.