उदगीर रस्त्यावरची बाग

बिदर शहराच्या पश्चिमेस, उदगीर रस्त्यालगत, बरीदशाही सुलतानांच्या मकबऱ्यांची बाग आहे. पहाटे तेथे फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ फार जुना. आरोग्यासाठी थडग्यांच्या संगतीत जावे, याचे पाहुण्यांना नवल वाटते. अली बरीदाचा मकबरा पाहिला म्हणजे ते नवल उरत नाही. १५४२ पासून १५८० पर्यंत राज्य केलेल्या या सुलतानाने मृत्यूच्या तीन वर्षे आधी, १५७७ साली, आपला मकबरा स्वतःच पुरा करवून घेतला. चारही अंगांस उंच कमानी, आणि एकीलाही दार नाही! आत काळ्या दगडाची कबर, भिंतींवर रंगीत फरशांतील फारसी काव्यपंक्ती, आणि सदैव खेळता वारा. मृत्यूची इतकी मोकळी व्यवस्था आम्ही अन्यत्र पाहिली नाही. मुलाने, इब्राहीम बरीदाने, शेजारी त्याच धर्तीवर काम काढले. ते लहान झाले आणि अपुरेही राहिले.

आमचे फिरण्यातले सोबती भालकीकडचे, मराठीचे निवृत्त शिक्षक. पहिल्या फेरीस ते बोलत नसत. दुसरी संपली की चिंचेखाली बसत आणि रस्त्याने उदगीरकडे जाणाऱ्या गाड्या पाहत. त्यांच्या थोरल्या बहिणीला उदगिरास दिली, तेव्हा दोन्ही गावे एकाच बिदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. "अक्का जागची हलली नाही, तरी परराज्यात गेली," असे गुरुजी हसून म्हणत. अक्का गेल्यावरही गाड्या पाहण्याची सवय मात्र सुटली नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलाने त्यांना पुण्यास नेले. तेथेही घराजवळ बाग आहे, फिरावयास फरसबंद वाट आहे, अवतीभोवती मराठीच मराठी आहे. "पण माझ्या मराठीला तिथं सगळे हसतात हो," असे ते पहिल्याच दूरध्वनीत म्हणाले. आपल्या बोलीत कानडी आणि दखनी किती मुरली आहे, हे आपणांस इथे कधी जाणवत नाही. आयुष्यभर मुलांचे शुद्धलेखन तपासलेल्या माणसाला ते सत्तरी उलटल्यावर कळावे, याचे आम्हांस वाईट वाटले.

दर रविवारी ते न चुकता विचारतात, "आपली चिंच कशी आहे?"

वैशाखातल्या वादळात त्या झाडाची मोठी फांदी, बरोबर बसण्याच्या जागेवरची, मोडून पडली. सावली गेली. आम्ही अद्याप सांगितलेले नाही. चांगली आहे, यंदा आकडेही पुष्कळ धरले, एवढेच सांगत आलो; आणि उरलेल्या अर्ध्या झाडापुरते ते खरेही आहे.

परवा मात्र त्यांनी दिवाळीस येण्याचे कळविले. तिकीट काढून झाले आहे.