दिल्लीची सावनी, परभणीची क्रांती

परवा एका परिसंवादात एका थोर गृहस्थांनी निकालच देऊन टाकला. संशोधनाचा पैसा देशातल्या दहा-बारा निवडक संस्थांना द्यावा. उरलेल्या विद्यापीठांनी मुकाट्याने वर्ग घ्यावेत आणि पेपर तपासावेत. एकाच विषयावर चार ठिकाणी काम ही उधळपट्टी, आणि विद्यापीठांचे सहकार्य म्हणजे चहा-बिस्किटे. टाळ्या पडल्या. निवडक संस्थेच्या सभागृहात अशा वाक्यांना त्या पडतातच.

गृहस्थ भेंडी खात असावेत, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा सावनी' हा वाण काढला. त्यासाठी वापरलेला एक वाण बंगालचा. सावनी हळद्या रोगाला दाद देत नव्हती, म्हणून देशभर पसरली. पुढे तीही रोगाला बळी पडू लागली. पांढरी माशी रोग घेऊन येते. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खे पान, आणि फळ आखूड, फिकट, निबर निघते. असा माल बाजारात कोण घेणार? ऐंशीच्या दशकात यावर उतारा दिला तो परभणीच्या कृषी विद्यापीठाने. तिथल्या संशोधकांनी याच सावनीचा भेंडीच्या एका वेगळ्या प्रजातीशी संकर केला, आलेल्या रोपांचा सावनीशी पुन्हा संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली आणि 'परभणी क्रांती' दिली. आता दिल्लीत भेंडीवर काम झाले होते म्हणून परभणीने हात बांधून बसायचे होते काय? आणि दिल्लीची सावनी हाताशी नसती, तर परभणीने संकर कशाशी केला असता? उधळपट्टी यातली कोणती, तेवढी दाखवा.

याच पंथाची मंडळी पूर्वी 'स्थानिक विषय' हे शब्द शिवीसारखे वापरत. कोकणातल्या कातळसड्यांवर कोणी प्रबंध लिहिला, तर म्हणे आंतरराष्ट्रीय नियतकालिक त्याला विचारणार नाही. जणू सडा नियतकालिकाच्या सोयीसाठी पसरला आहे! तो वाद तेव्हाही घातला होता, पुन्हा घालायची तयारी आहे.

लहान विद्यापीठांत सुमार प्रबंध निघतात, हा दुसरा आक्षेप. निघतात; निवडक संस्थांतही निघतात, फक्त बांधणी देखणी असते.

मग करायचे काय? फार नवे काही नाही. १९५७ साली मक्यापासून सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत एकच वाण निरनिराळ्या हवामानांत लावून पाहतात. राज्यातली चारही कृषी विद्यापीठे नव्या वाणांवर आणि शिफारशींवर एकत्र बसून निर्णय घेतात. पुण्यात १९८८ साली आयुका उभी राहिली, तीच मुळी देशभरच्या विद्यापीठांतल्या खगोलशास्त्राच्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी. इतिहासाला, रसायनशास्त्राला अशी सामायिक सोय का नसावी?

संशोधनावर आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करत नाही. गृहस्थांनी ती रक्कम वाढावी म्हणून भांडावे, आम्ही त्यांच्या मागे उभे राहू. परभणीच्या वाट्याला मात्र हात लावू नये.